विश्लेषण : फायरवॉल असूनही नेटवर्कमध्ये घुसखोर शिरतात कसे?

दिल्लीतील ‘एम्स’ रुग्णालयाची संगणक प्रणाली २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ठप्प झाली. त्यानंतर सुमारे दोन आठवडे रुग्णांची नोंदणी, दाखल करून घेणे, घरी सोडणे, तपासण्यांचे अहवाल देणे ही सारी कामे कागद-पेन घेऊन करावी लागली. देशातील सर्वात नामांकित सरकारी रुग्णालयात हे का घडले, याचे उत्तर सरकारने पुढच्याच महिन्यात संसदेत दिले. नेटवर्कची योग्य विभागणी नव्हती, हे ते उत्तर. घुसखोर आत आला ही एक चूक; पण आत आल्यावर त्याला अडवणारी भिंतच नव्हती, ही त्याहून मोठी चूक. सहकारी बँका, रुग्णालये, नगरपालिका, शाळा-महाविद्यालये, साखर कारखाने यांचा कारभार आता संगणकाशिवाय चालत नाही. त्यांच्यासाठी नेटवर्क सुरक्षेची मूलभूत साधने कोणती आणि ती विकत घेऊनही संस्था का फसतात, याचा हा आढावा.

‘एम्स’मध्ये नेमके काय घडले होते?

सरकारने दिलेल्या माहितीनुसार ‘एम्स’चे पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कूटबद्ध केली. कूटबद्ध म्हणजे कुलूपबंद. फायली जागेवरच असतात, पण किल्ली हल्लेखोराकडे असते आणि ती देण्यासाठी तो पैसे मागू शकतो. अशा हल्ल्याला ‘रॅन्समवेअर’ म्हणतात. या प्रकरणात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, एका ठिकाणी झालेला शिरकाव इतर सर्व्हरपर्यंत पोहोचू शकला, कारण नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. दुसरी, रुग्णांची माहिती कायमची गेली नाही, कारण एक बॅकअप सर्व्हर या हल्ल्यातून वाचला होता. त्यावरून माहिती काढून नव्या सर्व्हरवर बसवण्यात आली. म्हणजे नुकसान पसरले ते कप्प्यांच्या अभावी आणि कारभार पुन्हा उभा राहिला तो वेगळ्या ठेवलेल्या प्रतीमुळे. यात कुठल्याही महागड्या यंत्राचा संबंध नव्हता.

फायरवॉल म्हणजे काय?

नेटवर्कची सुरक्षा म्हटले की पहिले नाव येते ते फायरवॉलचे. इंटरनेट आणि संस्थेचे नेटवर्क यांच्या मध्ये बसवलेले हे यंत्र किंवा सॉफ्टवेअर. त्याचे काम गृहसंकुलाच्या दारावरील सुरक्षारक्षकासारखे. कोण आला, कुठून आला, कोणाकडे जायचे आहे, हे विचारायचे आणि यादीत नाव असेल तरच सोडायचे. संगणकांच्या जगात प्रत्येक सेवेला एक दार क्रमांक असतो, त्याला ‘पोर्ट’ म्हणतात. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, ईमेलच्या देवाणघेवाणीसाठी २५, विंडोजमधील फायलींच्या देवाणघेवाणीसाठी ४४५, तर दूरवरून विंडोज संगणक चालवण्यासाठी ३३८९. यांपैकी कुठले दार कोणासाठी उघडे ठेवायचे, हे फायरवॉलमधील नियम ठरवतात.

सुरुवातीच्या फायरवॉल केवळ पत्ता आणि दार क्रमांक पाहत. १९९० च्या दशकात त्यांना स्मरणशक्ती आली. आतल्या माणसाने बाहेर काय मागितले हे त्या लक्षात ठेवू लागल्या आणि न मागितलेले उत्तर दारातच अडवू लागल्या. आजच्या फायरवॉल त्याही पुढे जाऊन ही माहिती कोणत्या अ‍ॅपची आहे, तिच्यात ओळखीचा व्हायरस आहे का, हेही तपासतात. यंत्र कुठलेही असो, चांगल्या फायरवॉलचे सूत्र एकच: आधी सगळे बंद, मग गरजेपुरते उघडे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी उलटे होते. काम अडले म्हणून कोणीतरी ‘तात्पुरते’ सगळे उघडून ठेवतो आणि ते तात्पुरते वर्षानुवर्षे तसेच राहते. लहान कार्यालये सर्व सोयी एकाच डब्यात असलेले यंत्र घेतात. पण त्याची वार्षिक वर्गणी भरली नाही की नव्या धोक्यांची यादी येणे थांबते. डब्यावरचा हिरवा दिवा मात्र लागलेलाच राहतो.

या शब्दाच्या मूळ अर्थातही एक धडा दडलेला आहे. इमारतींच्या बांधकामात ‘फायरवॉल’ म्हणजे बाहेरचे कुंपण नव्हे. एका भागात लागलेली आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून मध्ये बांधलेली ती भिंत. आग लागणारच नाही असे ही भिंत मानत नाही. लागली तर ती कुठे थांबवायची, एवढेच ती ठरवते. संगणकांच्या जगाने शब्द उचलला, पण भिंत मात्र बहुतेकांनी फक्त दाराशी बांधली.

मग फायरवॉल कमी कुठे पडते?

फायरवॉल अनोळखी माणसाला अडवते. घुसखोर मात्र बहुधा ओळखीच्या रूपातच येतो. त्याचे तीन नेहमीचे मार्ग आहेत. पहिला मार्ग ईमेलचा. पगारपत्रक, बिल किंवा कुरिअरची पावती म्हणून आलेली फाइल कर्मचारी स्वतःच उघडतो. आतल्या माणसानेच बोलावलेल्या पाहुण्याला दारावर कोण अडवणार? शिवाय आज इंटरनेटवरील बहुतेक देवाणघेवाण कूटबद्ध असते. ती उलगडून पाहण्याची व्यवस्था नसेल तर फायरवॉलला पाकीट दिसते, आतले पत्र दिसत नाही.

दुसरा मार्ग विश्वासू पुरवठादाराचा. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधून जगभर पसरला. तेथे हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच तो घुसवण्यात आला होता. ज्या कंपन्यांनी ते सॉफ्टवेअर बसवले होते, त्यांच्या फायरवॉलसाठी हे अपडेट म्हणजे रोजचा ओळखीचा माणूस. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली आणि त्याचा फटका थेट नवी मुंबईतील जेएनपीटी बंदराला बसला. मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या तेथील टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे उरणजवळच्या बंदरातील कंटेनर अडकून पडावेत, इतकी आजची नेटवर्क एकमेकांत गुंतलेली आहेत.

तिसरा मार्ग चोरलेल्या पासवर्डचा. खरी किल्ली घेऊन आलेल्या चोराला कुलूप अडवत नाही.

नेटवर्कचे कप्पे पाडणे म्हणजे काय?

एखाद्या रुग्णालयात स्वागतकक्षातील संगणक, प्रयोगशाळेतील यंत्रे, लेखा विभाग, सीसीटीव्ही कॅमेरे आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठीचे मोफत वाय-फाय हे सगळे एकाच नेटवर्कवर असू शकते. सगळ्यांच्या तारा एकाच प्रकारच्या स्विचमध्ये जातात, त्यामुळे सगळे एकमेकांना दिसतात. स्विच म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारी पेटी. तीच पेटी कप्पेही पाडू शकते. व्यवस्थापनाची सोय असलेल्या स्विचवर ‘व्हीलॅन’ म्हणजे आभासी नेटवर्क तयार करता येतात. तारा त्याच राहतात, पण लेखा विभाग एका कप्प्यात, कॅमेरे दुसऱ्यात, पाहुण्यांचे वाय-फाय तिसऱ्यात. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये फायरवॉलची तपासणी. ही खऱ्या अर्थाने आग रोखणारी भिंत.

ती नसेल तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे बांगलादेशची मध्यवर्ती बँक. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी या बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला सुमारे ९५ कोटी डॉलर हस्तांतरित करण्याचे बनावट आदेश पाठवले. त्यातील बहुतेक आदेश अडले, पण ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले. बँकेकडे फायरवॉल नव्हती आणि सुमारे दहा डॉलरचे जुने स्विच वापरले जात होते, असे तपास करणाऱ्या बांगलादेशी पोलिसांनी त्या वेळी वृत्तसंस्थेला सांगितले. आंतरराष्ट्रीय पैसे पाठवणारी ‘स्विफ्ट’ यंत्रणा बाकीच्या नेटवर्कपासून वेगळी ठेवलेली नव्हती, असाही त्यांचा आक्षेप होता.

अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकान साखळीची गोष्टही अशीच. २०१३ च्या अखेरीस तिच्या सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत आले ते वातानुकूलन यंत्रणेचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड वापरून. एसीवाल्याच्या किल्लीने गल्ल्यापर्यंत पोहोचता आले, कारण मध्ये पुरेशा भिंती नव्हत्या.

चोर आत आला हे कळते कसे?

दार आणि भिंती यांच्या जोडीला हवा पहारा. त्यासाठी दोन प्रकारची साधने वापरली जातात. पहिले घुसखोरी ओळखणारे, म्हणजे ‘आयडीएस’. नेटवर्कमधील वाहतुकीची एक प्रत त्याच्याकडे वळवली जाते. ते ती तपासते आणि संशयास्पद काही दिसले तर इशारा देते. अडवत मात्र नाही. दुसरे ‘आयपीएस’. ते वाहतुकीच्या वाटेतच बसते आणि संशयास्पद गोष्ट तिथल्या तिथे रोखते. एक सीसीटीव्ही, तर दुसरा नाकाबंदीवरील पोलीस. दोघांच्याही ओळखण्याच्या पद्धती दोन: ओळखीच्या गुन्हेगाराचा चेहरा यादीशी ताडून पाहणे किंवा नेहमीपेक्षा वेगळी हालचाल टिपणे. रात्री दोन वाजता लेखा विभागातील संगणक परदेशातील पत्त्यावर मोठ्या प्रमाणात माहिती पाठवू लागला, तर यादीत नाव नसले तरी शंका यायला हवी. प्रत्येक संगणकावर असाच पहारा ठेवणारी सॉफ्टवेअरही असतात. अँटिव्हायरसची ही पुढची पिढी.

पण इशारा देणे यंत्राच्या हाती, तो ऐकणे माणसाच्या. ‘टार्गेट’मध्ये नेमके हेच घडले. कंपनीने बसवलेल्या नव्या यंत्रणेने घुसखोरीचे इशारे दिले होते, पण त्यांवर वेळीच कारवाई झाली नाही. दिवसाला शेकडो खोटे इशारे आले की खरा इशाराही त्यांत हरवतो. म्हणून यंत्रणा बसवण्याइतकेच तिची घडी बसवणे, निरर्थक इशारे कमी करणे आणि उरलेल्यांना उत्तर देणारा माणूस ठरवणे गरजेचे असते.

पुण्यातील कॉसमॉस बँकेचे प्रकरण या संदर्भात महाराष्ट्राने विसरू नये असे आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांत जगातील २८ देशांतील एटीएममधून बँकेचे पैसे काढले गेले. एरवी एटीएममधून आलेली विनंती बँकेच्या स्विचमार्गे मुख्य प्रणालीकडे जाते, खात्यात पैसे आहेत का ते तपासले जाते आणि मग मंजुरी मिळते. येथे ‘स्विच’ म्हणजे एटीएमच्या विनंत्यांची ये-जा सांभाळणारी यंत्रणा. वर उल्लेख आलेली पेटी नव्हे. चोरांनी एक बनावट पर्यायी स्विच उभा केला आणि मंजुरी तोच देत राहिला. मुख्य प्रणालीला पत्ताच नव्हता. त्यानंतर १३ ऑगस्टला ‘स्विफ्ट’मार्गे सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात पाठवण्यात आले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. असे हल्ले सुट्टीच्या तोंडावर होतात, हा योगायोग नाही. बांगलादेशातही चोरांनी आठवडाअखेरची सुट्टी साधली होती. कार्यालय बंद असते तेव्हा पहाऱ्यावर कोण असते, हा प्रश्न म्हणूनच कुठल्याही यंत्राच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा.

व्हीपीएन घेतले की काम भागते का?

घरून किंवा दुसऱ्या शाखेतून काम करणाऱ्यांसाठी ‘व्हीपीएन’ वापरतात. सार्वजनिक इंटरनेटमधून खणलेला हा खासगी बोगदा. त्यातून जाणारी माहिती कूटबद्ध असते, त्यामुळे वाटेत कोणी ती वाचू शकत नाही. पण बोगद्याच्या तोंडाशी कोण उभा आहे, हे तपासले नाही तर तोच बोगदा चोराला थेट तिजोरीपर्यंत नेतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेची ‘कलोनियल पाइपलाइन’ ही इंधनवाहिनी रॅन्समवेअर हल्ल्यामुळे काही दिवस बंद ठेवावी लागली आणि पूर्व किनाऱ्यावरील पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. हल्लेखोर शिरले होते ते वापरात नसलेल्या, पण बंद न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी कुठलीही पडताळणी नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी दिली.

येथे दुहेरी पडताळणीचे महत्त्व कळते. पासवर्डसोबत मोबाइलवरील अ‍ॅपमधील संकेतांक किंवा छोटी सुरक्षा-किल्ली. पासवर्ड चोरीला गेला तरी दुसरी किल्ली चोराकडे नसते. एसएमएसवरील ओटीपीपेक्षा अ‍ॅप सुरक्षित आणि अ‍ॅपपेक्षा यूएसबी किल्ली अधिक सुरक्षित. पण काहीच नसण्यापेक्षा ओटीपीही बरा. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे आणि काम संपलेल्या कंत्राटदाराचे खाते त्याच दिवशी बंद करणे, याला तर एक रुपयाही लागत नाही.

अपडेटचा कंटाळा किती महागात पडतो?

सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी सापडली की कंपनी तिच्यावर ठिगळ देते. त्याला ‘पॅच’ म्हणतात. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर त्रुटीसाठी पॅच दिला. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा व्हायरस नेमक्या त्याच त्रुटीतून, वर उल्लेख केलेल्या ४४५ क्रमांकाच्या दारातून, जगभर पसरला. मधले जवळपास दोन महिने ज्यांनी वापरले नाहीत, ते सापडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेतील शस्त्रक्रिया आणि रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या.

रुग्णालयातील किंवा कारखान्यातील एखादे यंत्र जुन्या विंडोजवरच चालते आणि त्याला पॅच देताच येत नाही, अशी अडचण खरी असते. तेव्हा पुन्हा कप्प्यांकडेच वळावे लागते. ते यंत्र स्वतंत्र कप्प्यात ठेवायचे, त्याला इंटरनेट द्यायचे नाही आणि गरजेच्या एकाच संगणकाशी बोलू द्यायचे.

पॅच फक्त संगणकांनाच लागतो, असेही नाही. राउटर, फायरवॉल आणि कॅमेरे हेसुद्धा छोटे संगणकच. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येताना घातलेले ठरावीक पासवर्ड तो एकामागून एक वापरून पाहत असे. लोकांनी ते बदललेलेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने एका अमेरिकी कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. चोरांवर नजर ठेवण्यासाठी लावलेला कॅमेराच चोराचा साथीदार झाला.

सगळे उपाय फसले तर?

तेव्हा उरतो तो बॅकअप. पण बॅकअप असणे आणि तो उपयोगी पडणे यांत फरक आहे. मर्स्ककडे जगभरातील वापरकर्त्यांची ओळख सांभाळणारे सर्व्हर अनेक ठिकाणी होते आणि ते एकमेकांची प्रत ठेवत होते. ‘नॉटपेट्या’ने ते एकाच वेळी पुसून टाकले, कारण सगळे एकमेकांना जोडलेले होते. वाचला तो घानामधील एकच सर्व्हर आणि तोही हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्यामुळे. त्याच्या आधारे कंपनीने सुमारे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे केले. २५ ते ३० कोटी डॉलरचे नुकसान झाले ते वेगळेच. जगातील एका अवाढव्य कंपनीला भारनियमनासारख्या योगायोगाने तारले.

योगायोगावर विसंबायचे नसेल तर ‘तीन-दोन-एक’ हा जुना नियम पाळावा. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. आता त्यात एक भर घालावी लागते: किमान एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली किंवा बदलता न येणारी हवी. आणि वर्षातून दोनदा तरी त्या प्रतीवरून प्रणाली खरोखर उभी करून पाहायला हवी. न तपासलेला बॅकअप ही केवळ आशा असते.

नियम काय सांगतात?

भारतात कायद्याची चौकट आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या आदेशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे ‘लॉग’, १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात आणि सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवावी लागतात. घड्याळांचा हा नियम वरवर क्षुल्लक वाटतो. पण फायरवॉलचे घड्याळ दहा मिनिटे पुढे आणि सर्व्हरचे पाच मिनिटे मागे असेल, तर चोर आधी कुठे गेला आणि नंतर कुठे, हे तपासात कधीच जुळत नाही.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये मूलभूत सायबर सुरक्षेची चौकट आखली आणि डिसेंबर २०१९ मध्ये डिजिटल व्याप्तीनुसार बँकांचे चार स्तर करून प्रत्येकाकडून अपेक्षित उपाय ठरवले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीच्या २०२३ च्या कायद्यात, वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे नियमांचा दुष्काळ नाही. अडचण अशी की नियमांचे उत्तर बहुतेक वेळा खरेदीच्या पावतीने दिले जाते. ‘फायरवॉल आहे का?’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिले की लेखापरीक्षण पार पडते. ‘तिचे नियम शेवटचे कधी तपासले? काल रात्रीचे इशारे कोणी वाचले?’ हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

लहान संस्थांनी सुरुवात कुठून करावी?

पैसा नाही, माणूस नाही, ही लहान संस्थांची अडचण खोटी नाही. मोठ्या बँकेसारखे चोवीस तास चालणारे सुरक्षा केंद्र पतसंस्थेला परवडणार नाही. मात्र सर्वाधिक उपयोगी पडणारे उपाय सर्वात महाग नाहीत, हेच वरील साऱ्या घटना सांगतात. आपल्याकडे नेमकी किती आणि कोणती उपकरणे आहेत याची यादी करणे, मूळ पासवर्ड बदलणे, दुहेरी पडताळणी लावणे, जुनी खाती बंद करणे आणि पॅच वेळेवर देणे यांना मुख्यतः वेळ आणि शिस्त लागते. त्यानंतर कप्पे: पैशांचे व्यवहार, कार्यालयीन काम, कॅमेरे आणि पाहुण्यांचे वाय-फाय किमान एवढे तरी वेगळे. मग तोडून ठेवलेला, तपासलेला बॅकअप. हे सगळे झाल्यावर अधिक महागड्या यंत्रांचा विचार. प्रत्यक्षात खरेदी नेमकी उलट्या क्रमाने होते.

लहान संस्थांचा दुसरा धोका सामाईक सेवेचा. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. त्याचा संसर्ग पसरू नये म्हणून ‘एनपीसीआय’ने देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले, असे वृत्तसंस्थांनी म्हटले होते. ग्राहकांची गैरसोय झाली हे खरेच. पण देशभराच्या यंत्रणेत आग पसरण्याआधी मधली भिंत बंद करता आली, हेही तितकेच खरे. ‘एम्स’मध्ये जे जमले नाही, ते येथे जमले. सेवा बाहेरून घेणाऱ्या बँकेने कंत्राटात किमतीइतकेच हेही विचारायला हवे: तुमच्याकडे आग लागली तर आमच्यापर्यंत येण्याआधी ती कुठे थांबेल आणि आम्हाला किती वेळात कळवाल?

आता अपेक्षा काय?

संचालक मंडळाच्या बैठकीत संगणक सुरक्षेचा विषय येतो तो बहुधा खरेदीच्या मंजुरीपुरता. तो नियमित आढाव्याचा विषय व्हायला हवा. ‘आपल्यावर हल्ला होईल का?’ हा प्रश्न आता निरर्थक आहे. एक संगणक गेला तर त्यासोबत आणखी किती जातील, ते किती वेळात कळेल आणि किती दिवसांत पुन्हा उभे राहता येईल, हे तीन प्रश्न विचारायला हवेत. राज्य सरकारनेही सहकारी संस्था, पालिका आणि सरकारी रुग्णालयांचे सायबर लेखापरीक्षण याच तीन प्रश्नांभोवती बांधले, आणि तालुका पातळीवरील लहान संस्थांना मिळून एक प्रशिक्षित माणूस नेमता येईल अशी सोय केली, तर त्यावरील खर्च एका मोठ्या हल्ल्यातील नुकसानीपुढे किरकोळ ठरेल. ‘एम्स’ची फाटकी बाजू दोन आठवड्यांत शिवली गेली, कारण एक प्रत शिल्लक होती. प्रत्येक तालुक्यातील रुग्णालयाकडे आणि पतसंस्थेकडे ती असेलच, असे गृहीत धरून चालणार नाही. तिथे पणाला लागते ती एखाद्या आजीची आयुष्यभराची ठेव किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर असलेल्या रुग्णाचा रक्तगट.